दसऱ्यानंतर अडकलेले सीटबेल्ट

दसऱ्यानंतरचा तो आठवडा आठवला की आजही माझा हात आपोआप कमरेशी जातो. पाहणाऱ्यांना वाटतं, जुन्या पोलिसाचा हात पिस्तुलाकडे चालला. वाटू द्यावं. खरं म्हणजे तो हात सीटबेल्टच्या लाल बटणाकडे जात असतो आणि बटण दाबलं जातंय एवढी खात्री करून परत येतो.

हैदराबादेत पोलीस खात्यात मी जन्म काढला. चोर धरले, दरोडेखोर धरले. मलकपेठेच्या रेसकोर्सवर एकदा पैज लावणारा आणि ज्याच्यावर पैज लावली तो घोडा, असे दोघेही एकाच दोराने बांधून आणले. माझी मिशी पाहून एका गृहस्थाने न केलेला गुन्हा कबूल केला होता. त्याची समजूत घालून त्याला घरी पाठवताना अख्ख्या ठाण्याची पुरेवाट झाली. यातलं कोणाला खोटं वाटलं तर त्याने निम्मं सोडून द्यावं, उरलेलं निम्मंही पुष्कळ आहे. पण आता जे सांगतो ते पंचनाम्याइतकं खरं आहे. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. कायद्याचं बंधन आहे म्हणून नव्हे. घेतली तर माझी थोरली बहीण मारील.

तेव्हा नल्लकुंट्याच्या बाजूला एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी झाली होती, ड्यूट्या वाटून झाल्या होत्या आणि मी चहाचा कप तोंडाला लावणार एवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न सुरू झाला. थांबेचना. पहाऱ्यावरचा कॉन्स्टेबल धावत आला.

"सर, एक साहेब गाडीतून उतरायला तयार नाहीत. म्हणतात, इन्स्पेक्टरलाच बाहेर बोलवा."

असा माज कोणाचा म्हणून मी मिशी सारखी करून बाहेर गेलो. पाहतो तर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, पोटाने भरगच्च, स्वभावाने त्याहून भरगच्च. शेजारी वहिनी, मांडीवर भाजीची पिशवी.

"काय अध्यक्ष? आत या की, चहा घेऊ."

"येऊ कसा? हा सोडत नाहीये!"

"कोण?"

"हा!" त्यांनी छातीवरच्या सीटबेल्टवर बोट आपटलं. "बटण दाबून दाबून अंगठा गेला माझा!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कालही असंच झालं. गाडीतच जेवायला वाढलं मी. वरणभात सांडला तो वेगळाच."

मी सुचवलं, पट्टा ओढून सैल करा आणि खालून निसटा. अध्यक्षांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मी विषय सोडून दिला. शेवटी कॉन्स्टेबलला कागद आणायला सांगितला आणि गाडीच्या खिडकीत उभं राहून जबाब घेतला. फिर्यादी बांधलेला आणि आरोपी मोकळा, अशी माझ्या नोकरीतली ती पहिलीच केस.

फिर्याद अशी: मंडळातल्या पाच घरच्या गाड्यांचे पट्टे दसऱ्यापासून अडकायला लागले होते. घालताना सुरळीत आत जायचे, थोडं अंतर गेलं की बाहेर निघायचं नाव नाही. एक सूनबाई माहेरच्या दारात जाऊन गाडीतच बसून राहिल्या. माहेरच्यांना वाटलं, रुसून आली. आणि पाचही गाड्यांची सर्व्हिसिंग दसऱ्याच्या आधी एकाच गॅरेजमध्ये, एकाच मिस्त्रीकडे झाली होती.

"त्यानेच काहीतरी करून ठेवलंय," अध्यक्ष म्हणाले. "पट्टा अडकला की माणूस झक मारत पुन्हा त्याच्याकडेच जाणार. धंदा वाढवायची युक्ती आहे ही. उद्या गाडीला आग लागली म्हणजे? लेकरंबाळं आत अडकून राहिली म्हणजे? गुन्हा दाखल करा! संध्याकाळपर्यंत केला नाहीत तर पाचही घरं घेऊन वरच्या साहेबांकडे जातो."

आगीचं नाव निघालं तसं माझं हसू मावळलं. तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांनी पुन्हा बटण दाबलं आणि खट्ट! पट्टा सुटला. बोलत असताना गाडी बंद होती, ऊन रणरणतं होतं, अध्यक्ष घामाने न्हाले होते. पण तेव्हा तिकडे लक्ष कोण देतो!

"पाहिलंत?" मी मिशीवर हात फिरवला. "पोलीस जवळ आला की भलेभले सोडून देतात."

ते गेले आणि मी माझ्या खोलीत येऊन डोकं धरून बसलो. कारण तो मिस्त्री मला ठाऊक होता. आमच्याच हद्दीत गॅरेज, सरळ माणूस. मुख्य म्हणजे त्या आठवड्यात त्याच्या आणि त्याच्या अम्मीच्या पासपोर्टची पोलीस चौकशी चालू होती. अम्मीला उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जायचं होतं. म्हातारीने आयुष्यभर एकच इच्छा जपली होती. गुडघे गेलेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय दहा पावलं चालता येत नव्हतं. मुलगा नाही तर अम्मीही नाही, असा सरळ हिशेब होता. त्यांचा जथा त्याच महिन्यात निघणार होता. स्पेशल ब्रँचचा माणूस आदल्याच दिवशी माझ्याकडे चहा पिऊन गेला होता.

"सर, याच्यावर काही आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो होतो.

"मग उद्या संध्याकाळी रिपोर्ट पाठवतो."

आता ती उद्याची संध्याकाळ आजचीच होती. गुन्हा दाखल केला तर रिपोर्ट उलटा जाणार, पासपोर्ट अडकणार आणि अम्मी गॅरेजसमोरच्या खुर्चीवरच बसून राहणार. दाखल न करावा तर पाच घरांच्या जिवाचा प्रश्न. पोलिसाला अशा वेळी एकच रस्ता असतो: उठायचं आणि जागेवर जायचं.

आमची ठाण्याची गाडी काढली. ड्रायव्हर कॉन्स्टेबल आमचा तेलुगू, काडीसारखा सडपातळ. खात्याच्या गाडीत सीटबेल्ट रोज लावतात का, हा प्रश्न कृपा करून विचारू नका. पण बेल्टच्याच चौकशीला निघालो होतो, तेव्हा त्या दिवशी दोघांनीही अगदी शिस्तीत लावले. गाडी उन्हात तापून तव्यासारखी झाली होती. एसी पूर्ण सोडला. गॅरेजपर्यंत पोचेतो आत काश्मीर झालं होतं.

गॅरेजसमोर अम्मी खुर्चीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती. मी मिशी सारखी केली, चेहरा कडक केला आणि बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

शेजारून ड्रायव्हरचा आवाज आला, "अय्यो सार! माझा पण!" पण तो काडीपैलवान मासोळीसारखा पट्ट्याखालून निसटला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला ते जमणारं नव्हतं. घेराच्या बाबतीत मी अध्यक्षांचा धाकटा भाऊ.

अम्मी म्हणाली, "आओ बेटा, उतरो. चाय पिओ."

"नै अम्मा, मैं यहींच ठीक हूँ."

"गाड़ी में बैठ के क्या चाय पीते? उतरो."

"सरकारी काम है, अम्मा," मी म्हणालो आणि काच खाली करून शक्य तेवढ्या रुबाबात मिस्त्रीला हाक मारली. तो हात पुसत आला.

"साब, आप कायकू तकलीफ लिए? बुलाते तो मैंच आ जाता था."

अडकलेल्या माणसाने चौकशी करू नये असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी केली. पाच गाड्यांची कामं कधी केली, काय काय केलं, बेल्ट का उघडले, सगळं विचारलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

"साब, तेल बदला, ब्रेक देखा, हवा भरा. बेल्टां कू मैं हाथ बी नै लगाया. अम्मी के सर की कसम!"

"मेरे सर की कायकू खाता?" अम्मी तिकडून कडाडली. "तेरे सर की खा!"

"साब, केस मत करो," तो हळू आवाजात म्हणाला. "मेरा छोड़ो. अम्मी का जाना रुक जाएगा."

अम्मीचा अडकित्ता थांबला. तिने ते ऐकलं होतं. आत्तापर्यंत हसरी असलेली म्हातारी एकदम लहान दिसायला लागली. मग तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बेटा, एक बात बोलूँ? तुम उतर नै रै सो सरकारी काम से नै. तुम फँस गए."

झालं! शेजारचा पंक्चरवाला हसला, चहावाला हसला, माझा स्वतःचा ड्रायव्हर गाडीच्या मागे जाऊन हसला. नल्लकुंट्यापासून विद्यानगरपर्यंत रहदारी थांबली आणि रिक्षावाले माना बाहेर काढून मला पाहायला लागले, असं मी शपथेवर सांगतो. मीसुद्धा हसलो. अंगावर पट्टा असताना दुसरं करणार काय?

आणि हसता हसता माझ्या डोक्यात दिवा लागला. ठाण्याची ही गाडी या मिस्त्रीकडे कधी आलीच नव्हती! तिची दुरुस्ती खात्याच्या वर्कशॉपमध्ये होते. या माणसाने तिच्या टायरलासुद्धा बोट लावलेलं नव्हतं, तरीही तिचे दोन्ही पट्टे त्याच रोगाने आजारी. म्हणजे मिस्त्री निर्दोष होता, आणि त्याच्याच दारात, त्याचाच साक्षीदार म्हणून मी बांधला गेलो होतो.

पण मग केलं कोणी? आणि काय केलं?

याचं उत्तर देणारे खबरे तेव्हा माझ्या विजारीवरून चालले होते. नोकरीत मी नाना तऱ्हेचे खबरे ठेवले, पण असे शिस्तीचे पाहिले नाहीत. एकामागे एक, अंतर राखून, परेड ग्राउंडवर चालावं तसे. मुंग्या! दाराच्या फटीतून आत, माझ्या मांडीवरून, थेट बेल्टच्या बकलात. वाटेत एकीने मला असा कडकडून चावा घेतला की मी पट्ट्यासकट छताला टेकून आलो.

मुंगी गोडाशिवाय हलत नाही. बकलात गोड होतं. आणि सकाळचे अध्यक्ष आठवले: थंड गाडीत अडकले, उन्हात सुटले.

"एसी बंद!" मी ओरडलो. "काचा वर! सगळे लांब व्हा!"

"साब, भुन जाएँगे आप!" मिस्त्री घाबरला.

भाजलो. ऑक्टोबरचं ऊन, बंद गाडी, अंगावर वर्दी. मिशीचे दोन्ही आकडे सुटून हनुवटीपर्यंत खाली आले. बाहेरून अम्मी काचेला नाक लावून पाहत होती. शेवटी बटणावर अंगठा दाबला आणि खट्ट! पट्टा असा अलगद सुटला, जणू कधी भांडणच नव्हतं.

बकलाच्या फटीत काडी घालून फिरवली. काडीला तपकिरी, चिकट ऐवज लागला. नियमाप्रमाणे तो मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवायला हवा होता. मी तो चाटला. गूळ. गुळात खोबरं, वेलदोडा, आणि मागाहून जिभेवर येणारी थोडीशी सुंठ. अशी सुंठ घातलेलं गूळखोबरं साऱ्या हैदराबादेत एकच बाई करते. मी ते दात यायच्या आधीपासून खात आलो आहे. हाताचे ठसे चुकतील, पण माझी जीभ चुकणार नाही. संशयित माझी थोरली बहीण होती.

ताई विद्यानगरला राहते. शाळेत मास्तरीण होती, आता मंडळातल्या सगळ्या सणावारांची मुखत्यार आहे. हळदीकुंकू कसं, पूजा कशी, आरती कुठली, सगळं तिला विचारून. दर दसऱ्याला मंडळातल्या गाड्यांची पूजा तीच करते, आणि आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजेला पुरणपोळ्या घेऊन येते. मी गेलो तेव्हा ती विळी घेऊन नारळ खवत बसली होती.

"ताई, थोडी चौकशी करायची आहे."

"हात धुतलेस? मग हा दुसरा नारळ घे आणि बोल."

आरोपीच्या मनासारखं वागलं की आरोपी मोकळा होतो, हे आमचं जुनं तंत्र. मी मांडी घालून नारळ खवायला लागलो. खात्याचा इन्स्पेक्टर, तीन तारे खांद्यावर, मांडीवर खोबऱ्याचा कीस.

"दसऱ्याला गाड्यांची पूजा काय काय केलीस?"

"दरवर्षीचीच. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू." ती थांबली आणि कौतुकाने म्हणाली, "आणि यंदा तोंडं गोड केली."

"कोणाची?"

"गाड्यांची. अरे, वाहतूक शाखेचा तो साहेब मंडळात येऊन काय म्हणाला? 'समोर देवाचा फोटो लावता, चांगलं आहे. पण अपघातात सगळ्यात आधी धावून येणारा देव म्हणजे हा पट्टा.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तर उभा राहून वाजवल्यास. मग नव्या देवाला नैवेद्य नको? बॉनेटला हार घालता, आणि जो जीव वाचवणार त्याच्या तोंडात काही नाही! सगळे आ वासून बसलेले. मी एकेकाला बोटाने चारला."

"ताई, ते तोंड नाही. बक्कल आहे ते."

"त्यात काही आत जातं ना? मग तोंडच."

"आणि ठाण्याच्या गाडीला?"

"सगळ्यात आधी." तिने माझ्याकडे न पाहता विळीवरचा नारळ फिरवला. "तू बसतोस ना तिच्यात."

यावर पुढचा प्रश्न विचारणारा अधिकारी अजून पोलीस अकादमीत तयार व्हायचा आहे. मी हातातला नारळ खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. उन्हात पातळ झालेला गूळ, एसीत दगड झालेला गूळ, अडकलेले अध्यक्ष, अडकलेला मी. मी कसा भाजलो ते ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मिस्त्रीचं आणि अम्मीचं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. ती अर्धा नारळ तसाच टाकून उठली.

"रिपोर्ट संध्याकाळी जाणार ना? मग बसलास काय? चल."

तासाभरात पाचही गाड्या गॅरेजसमोर रांगेत उभ्या होत्या. ताईने फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण अध्यक्ष पट्ट्याच्या धास्तीने चालत आले होते. गाडी वहिनींनी आणली. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गूळ मी घातला. मिस्त्रीवर जे लिहून दिलंत ते परत घ्या."

"ताई, तुम्ही?" अध्यक्षांचा आ तसाच राहिला. बकलासारखा.

"हो, मी. अटक करवायची असेल तर हा उभा आहे इन्स्पेक्टर. पण लवकर करवा, घरी नारळ उघडा पडलाय."

अध्यक्ष भरगच्च असले तरी मनाचे कोते नव्हते. त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून नवा जबाब लिहून दिला: गैरसमज झाला, कोणाविरुद्ध तक्रार नाही. मग मिस्त्रीचा हात धरून म्हणाले, "मियाँ, माफ करो. मैं ज़रा गरम हो गया था."

"अच्छा हुआ साब," मिस्त्री म्हणाला. "गरम होतेच तो छूटते."

सगळं गॅरेज पुन्हा हसलं. मिस्त्रीने पाचही गाड्यांची आणि ठाण्याच्या गाडीचीही बकलं उघडली. जी गरम पाण्याने नीट स्वच्छ झाली ती ठेवली. ज्यांच्याबद्दल तिळभर शंका होती ती काढून नवीन बसवली. जिवाच्या वस्तूला 'चालेल' हा शब्द लावू नये, एवढं मात्र मी सगळ्यांना मिशी सारखी करून, कडक आवाजात सांगितलं.

इकडे ताई अम्मीच्या खुर्चीजवळ गेली. "अम्मा, गलती मेरी है."

"अगे, मिठास डाली ना, ज़हर तो नै डाली." अम्मीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "पर अगले साल गाड़ी के मुँह में नक्को. गाड़ी के हिस्से का इस के मुँह में डालो." बोट माझ्याकडे होतं. "जो फँसा, वोच खाएगा."

संध्याकाळी स्पेशल ब्रँचचा माणूस आला. मी त्याला पुन्हा चहा पाजला.

"सर, याच्यावर काही आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "माझे उपकार. ते रिपोर्टमध्ये लिहू नकोस."

पासपोर्ट आले. जथा निघाला त्या दिवशी आम्ही सगळे अम्मीला पोचवायला गेलो. ताईच्या हातात औक्षणाचं ताट होतं. अम्मीला ओवाळून ती गाडीच्या दाराकडे वळली मात्र, सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "नक्को!" ताई फणकारली, "अरे, मी नुसता पट्टा लावून देत होते तिला!" आणि खरोखरच तिने अम्मीचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला, दोनदा सोडून पाहिला, मग पुन्हा लावला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत म्हातारी काचेतून हात हलवत होती.

या केसने मला काय शिकवलं? तीस-पस्तीस वर्षं आम्ही पोलीस एकच प्रश्न विचारत राहतो: यात फायदा कोणाचा? प्रश्न चांगला आहे, पुष्कळ चोर त्याने सापडतात. पण माणसांच्या जगातल्या निम्म्या भानगडी फायद्यासाठी होतच नाहीत, त्या जीव लावल्यामुळे होतात. म्हणून कोणावर गुन्हा लिहायच्या आधी मी दुसरा प्रश्नही विचारायला लागलो: इथे कोणी कोणाचं भलं करायला गेलं होतं का? या प्रश्नाने कितीतरी कागद लिहावेच लागले नाहीत.

आता मी निवृत्त आहे. अम्मी परत येताना खजूर घेऊन आली, आणि दर दसऱ्याला तिच्याकडून खजुराचा डबा न चुकता येतो. ताई तो खजूर गूळखोबऱ्यात कुटून घालते. पट्ट्यांना लांबूनच हळदकुंकू, आणि त्यांच्या वाटणीचा नैवेद्य मला. एका गाडीला पाच पट्टे. मंडळात आता गाड्या वाढल्या आहेत. अम्मीचा हुकूम आहे, मोडता येत नाही. मी रांगेतल्या एकेका गाडीपाशी आ वासून उभा राहतो, ताई बोटाने चारते, आणि घरी जाताना पोट आत ओढून, श्वास रोखून, दोन्ही हातांनी पट्टा खेचून बकलात घालतो. सुटायची आता अडचण नाही. पुरायची आहे.